भाडं बारा, जागा छत्तीस

४ नोव्हेंबर

धाकट्या,

आशीर्वाद शेवटी लिहीन, उरले तर.

फोनच करणार होते. पण फोनवर तू "हॅलो, ताई, आवाज तुटतोय" म्हणतोस आणि ठेवून देतोस. इतरांचे आवाज तुटत नाहीत, माझाच तुटतो. म्हणून हे पत्र तुझ्याच गाडीच्या ड्रायव्हरकाकांच्या हाती देते आहे. ते सकाळी मुलांना शाळेत सोडतात आणि रिकामी गाडी घेऊन तुझ्याकडे परततात. आज माझा राग घेऊन येतील.

काय झालं ते तुला माहीत आहे, तरी क्रमाने सांगते, कारण तू मध्येच विषय बदलतोस. गेल्या महिन्याच्या सुरुवातीला मी नववीच्या दोन्ही तुकड्यांना दोन अज्ञातांची समीकरणं शिकवत होते. पुस्तकात उदाहरण काय, तर दोन पेनं आणि तीन वह्यांची किंमत अमुक. ते ऐकून मुलं जांभया देतात, आणि खरं सांगायचं तर मलाही आवरावी लागते. म्हणून मी त्यांना त्यांच्या रोजच्या गाडीचं गणित घातलं. भाडं वाढलं की बसणारी मुलं कमी होतात, ही मागणीची रेषा. भाडं वाढलं की गाडीवाला जास्त जागा द्यायला तयार होतो, ही पुरवठ्याची. गाडीवाला म्हणजे तू. तूच मला दोन आकडे लिहून दिलेस: भाडं आठ असेल तर वीस जागा, दहा मिळाले तर मागे बाक टाकून अठ्ठावीस. मुलांचे आकडे मी वर्गात घेतले: आठला चव्वेचाळीस मुलं, दहाला चाळीस. त्यावरून फळ्यावर दोन समीकरणं आली.

मुलं = ६० − २ × भाडं
जागा = ४ × भाडं − १२

दोन्ही सारखी धरून सोडवली, की भाडं बारा, जागा छत्तीस. आलेखावर दोन रेषांनी एकमेकींना बरोबर तिथेच छेद दिला. वर्षात पहिल्यांदा मागच्या बाकावरून "अरे, जमलं की" ऐकू आलं. मी वेड्यासारखी खूश झाले आणि तो आलेख तुला बघायला पाठवला.

तू काय केलंस? भाडं आठाचं बारा केलंस. आलेख ड्रायव्हरच्या सीटमागे टाचलास आणि खाली लाल अक्षरांत लिहिलंस, "तुमच्याच वर्गाचं उत्तर."

मी तुला बघायला पाठवला होता, मुलांच्या डोक्यात हाणायला नाही. सोमवारपासून भाडं आठावर आण.

ताई


५ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. तुझ्याकडे आशीर्वादांचा तुटवडा दिसतो. माझ्याकडे नमस्कारांचा साठा आहे, घे.

मी विषय बदलत नाही, उलट तुझ्याच विषयावर बोलतो. लहानपणी माझ्या प्रत्येक गणिताखाली तू लाल पेन्सिलीने लिहायचीस, "ताळा केला का?" या वेळी मी ताळा केला. गाडी विकत घेऊन. तुझं उत्तर म्हणालं, छत्तीस जागा. माझ्या गाडीत वीस. राहिल्या सोळा. मी सोळा जागांची दुसरी गाडी घेतली, तिच्यावर माणूस ठेवला, दोन्ही गाड्यांवर कंडक्टर ठेवले. कर्ज देणाऱ्या साहेबाला तुझा आलेख दाखवला. तो म्हणाला, "पक्कं काम आहे, कोणी काढलंय?" मी छाती फुगवून सांगितलं, "बहिणीने."

आता ऐक. भाडं बारा झाल्यापासून रोज सकाळी सोळा मुलं चढतात. ती पहिल्याच गाडीत मावतात आणि वर चार जागा उरतात. दुसरी गाडी मागून रिकामी धावते, वरातीमागून घोडं धावावं तशी. लोक मला विचारतात, "मागची गाडी पहिलीला ढकलायला ठेवलीय का?"

छत्तीस यायला हवी होती. वीस मुलं कुठे गेली? तू त्यांना विचारलंस तरी कसं? एक तर तुझं गणित खोटं, नाहीतर तुझी मुलं खोटारडी. दोन्हींतलं एक निवड आणि मला कळव.

आणि राग मलाही येतो. वाटणीत तो तुला एकटीला मिळालेला नाही.

धाकटा


६ नोव्हेंबर

धाकट्या,

माझ्या मुलांना खोटारडी म्हणायचं काम नाही.

वीस मुलं कुठे गेली विचारतोस. तुझ्या छत्तिसांतून वीस गेली असतील. आठ भाडं असताना बसून, उभी राहून सगळी चव्वेचाळीस गाडीनेच यायची; माझ्या त्या चव्वेचाळिसांतून अठ्ठावीस गेली. सकाळी कधी उठून रस्त्यावर बघितलंस तर दिसतील. चोवीस चालत येतात. धुळीने माखलेली, घामेजलेली, पहिला तास अर्धा उलटून गेल्यावर. तिघं मुलगे खडीच्या ट्रकला मागून लटकून येतात. काल मी त्यातल्या एकाचा कान पिरगाळला, तर तो म्हणाला, "बाई, मग उद्यापासून येऊ नको का?" मी कान सोडला.

आणि एक येतच नाही. तिला वर्गात मुंगी म्हणतात, कारण ती सगळ्यांत लहान दिसते आणि हातातलं काम सोडत नाही. राहते खाणीच्या थांब्यावर, म्हणजे तुझ्या रस्त्याच्या टोकाला. ट्रकच्या रस्त्याने एकट्या मुलीला आई चालत पाठवत नाही, आणि मी आई असते तर मीही पाठवली नसती. तीन आठवडे झाले. आमच्या मुख्याध्यापिका नियमाला पक्क्या आहेत: महिनाअखेरपर्यंत मुलगी रोज वर्गात येऊ लागली नाही तर पटावरून नाव काढायचं. एकदा नाव निघालं की ती खडी निवडायला आईशेजारी बसेल, आणि तिथून उठवून कोणी तिला परत आणणार नाही. मी इतकी वर्षं बघते आहे. उठलेलं कोणी मला आठवत नाही.

विचारलं कसं म्हणतोस? सरळ विचारलं. भाडं आठ असेल तर कोण कोण येईल, हात वर करा. दहा असेल तर, हात वर. वर्गप्रमुखाने मोजले, मी पुन्हा मोजले. यात खोट कुठे आहे ते दाखव.

आज सकाळी मुलं उतरल्यावर गाडीत चढून मी तुझ्या सीटमागचा तो आलेख काढला. तुझा कंडक्टर म्हणाला, "मॅडम, मालकांना विचारावं लागेल." मी म्हटलं, विचार, आणि मालकाला त्याचं नाक कोण पुसायचं तेही विचार. टाचण्या तुझ्या आहेत. पाकिटात परत पाठवते आहे, टोचतील, जपून उघड.

ताई


८ नोव्हेंबर

ताई,

टाचण्या मिळाल्या. टोचल्या.

खोट दाखव म्हणालीस. दाखवतो.

आपल्याकडे मोठे काका मुक्कामाला यायचे ते आठवतं? जेवताना बाबा सगळ्यांकडे नजर फिरवून विचारायचे, "अजून कोणाला हवंय?" आणि आपण पाच भावंडं एका सुरात, "नको, पोट भरलं." काका हात धुवायला उठले रे उठले की तूच सगळ्यांत आधी पातेल्यात डोकं घालायचीस. त्या दिवशी घरातली मागणी मोजली असती तर शून्य आली असती.

आणि तू चव्वेचाळीस मुलांना भर वर्गात विचारतेस, कोणाला परवडतं, हात वर करा. शेजारच्याचा वर, पुढच्याचा वर, आणि आपण एकट्याने खाली ठेवायचा? त्या वयात? ती रेषा मागणीची नव्हती, ताई. लाजेची होती. तुम्हा मास्तर लोकांना हात वर दिसला की तो खराच वाटतो.

दुसरं. आठ विचारलंस, दहा विचारलंस. बारा विचारलंसच नाहीस. रेषा पुढे ओढलीस. मीही तुझ्याच रेषेचं शेपूट धरून गाडी घेऊन आलो, म्हणजे मी तुझ्याहून मोठा गाढव. पण पहिलं गाढव तू.

तिसरं तर ऐकूनच माझं डोकं फिरलंय. ड्रायव्हरकाकांना विचारलं, खाणीच्या थांब्यावरची मुलं आधी आठ द्यायची ना? तर ते आरशात बघायला लागले. खोदून विचारल्यावर बाहेर आलं: स्वतःच्या सीटशेजारी, इंजिनाच्या टोपावर जुनं पोतं टाकून चार मुलं बसवायचे. फुकट. मी मागे एकदा विचारलं होतं, ही कोण, तर म्हणाले होते, "बहिणीची आहेत." माणसाला बहीणच नाही हे मला इतक्या वर्षांनी कळतंय. नवा कंडक्टर आल्यावर त्याने पहिल्याच दिवशी त्या चौघांना टोपावरून उतरवलं, आणि वर मी त्याला शाबासकी दिली.

काकांना कामावरून काढणार होतो. पण मग पत्रं कोण नेणार?

भाडं आठावर आणू शकत नाही. दुसऱ्या गाडीचा हप्ता माझ्या मानेवर आहे. मुलांना पुन्हा विचार. या वेळी डोळे मिटून.

धाकटा


१३ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझ्यावरच चिडले होते. बरोबर बोलणाऱ्यावर चिडणं सोपं असतं. मग कामाला लागले.

परवा सगळ्यांना सारख्या आकाराच्या चिठ्ठ्या दिल्या. नाव लिहायचं नाही, एकाच पेन्सिलीने लिहायचं, तीही बाकाबाकावर फिरवली. भाडं आठ, दहा, बारा: प्रत्येकापुढे येईन किंवा येणार नाही. घडी घालून डब्यात टाका. मुंगीची चिठ्ठी मी स्वतः खाणीवर जाऊन घेतली, त्याचं पुढे सांगते.

आठला चाळीस. दहाला अठ्ठावीस. बाराला सोळा. तुझे सोळा.

म्हणजे दहाला चाळीस हात वर होते, त्यांतले बारा हात नुसतेच वर होते. फळ्यावर खरी रेषा मांडली: मुलं = ८८ − ६ × भाडं. वर्गाने ती तुझ्या रेषेशी सोडवली. भाडं दहा, जागा अठ्ठावीस. या वेळी मागच्या बाकावरून काही ऐकू आलं नाही.

आता खाणीचं. मुंगी आईशेजारी पत्र्याच्या सावलीत बसली होती. मला बघून उभी राहिली, हात पाठीमागे घेतले. मी विचारलं, "शाळेत का येत नाहीस?"

"आई सोडत नाही, बाई. ट्रक असतात."

"मग दहाला हात वर का केला होतास?"

"सगळ्यांचा वर होता."

"आठ तरी द्यायचीस का तू?"

"इंजिनावर बसायला द्यावे लागत नव्हते. काका म्हणायचे, तिथे चटका बसतो, चटक्याचे पैसे मी घेत नाही."

मी म्हटलं, "अगं, मग बाराचं गणित वर्गात सोडवलं तेव्हा तू काय केलंस?"

"सोडवलं की, बाई. बरोबर आलं. तुम्ही खाली 'छान' लिहिलंय."

तिची आई मला म्हणाली, "बसा ना, बाई." तिथे बसायला खडीचा ढीग होता. मी बसले नाही. बसले असते तर उठले नसते.

तुझ्या दहाच्या भाड्याचं आता मला काही सांगू नकोस. दहाला अठ्ठावीस मुलं गाडीत आणि सोळा बाहेर. रेषा सुबक भेटतात, आणि भेटतात त्या ठिकाणी मुंगी नाही. मी वर्गाला "हे उत्तर" म्हणून शिकवलं. "हे योग्य" असं म्हटलं नव्हतं, पण माझ्या आवाजात ते होतं, आणि मुलं आवाज ऐकतात.

म्हणून काल तिसरी रेषा काढली. मुलं = ४४. सगळी. भाडं काहीही असो, ती आडवी. तीन रेषा एका ठिकाणी भेटत नाहीत. अशा वेळी "या समीकरणांना उत्तर नाही" असं लिहायचं असतं, आणि त्याला पूर्ण गुण मिळतात. एकाने विचारलं, "मग बाई, गाडीचं काय?" मी म्हटलं, घंटा झाली. घंटा अजून व्हायची होती.

ताई


१४ नोव्हेंबर

ताई,

"उत्तर नाही" लिहून तुला पूर्ण गुण मिळतात. मला डिझेल मिळत नाही.

तू मला राक्षस करून ठेवलं आहेस. मी गाडी चालवतो, शाळा नाही. तरी ऐक. भाडं दहा करतो, सोमवारपासून. तुझ्याच खऱ्या रेषेचं उत्तर आहे, त्यावर आता कुरकुर करू नकोस. आणि खाणीच्या थांब्यावरची चौघं फुकट येतील. मागची गाडी तशीही रिकामी धावते, चार पोरांनी ती काही वाकत नाही. कंडक्टरला गोंधळ नको म्हणून चौघांना पिवळी कार्डं छापून घेतली आहेत. काकांनी आजच नेऊन दिली. गळ्यात अडकवायची सोय आहे, हरवणार नाहीत.

आता तरी आशीर्वाद पाठव.

धाकटा


२० नोव्हेंबर

धाकट्या,

पाठवणार नाही.

पिवळी कार्डं. गळ्यात. त्यापेक्षा घंटाच बांधायचीस, लांबून ऐकू तरी आली असती.

ट्रकला लटकणाऱ्या तिघांनी कार्डं पहिल्याच दिवशी खाणीत फेकली आणि पुन्हा ट्रकला लटकले. मुंगी एक दिवस आली. मंगळवारी. मी हजेरीत तिचं नाव घेतलं तेव्हा माझा आवाज नीट होता, हे तुला कळावं म्हणून लिहिते. बुधवारी ती नव्हती. कार्ड काकांच्या हाती परत आलं, पाटीपुसण्याच्या फडक्यात गुंडाळून. मी पुन्हा खाणीवर गेले.

"का गं?"

"पिवळं नको, बाई."

"तुला कोणी काही बोललं?"

"नाही. सगळे सरकून जागा देतात." मग म्हणाली, "इंजिनावर कोणी सरकत नव्हतं."

तुला हात वर करण्याची लाज कळली. मोठ्या काकांचं जेवण आठवलं, मला गाढव म्हणालास, ते मी ऐकून घेतलं. आणि सहाव्या दिवशी तूच त्या मुलांच्या गळ्यात कार्ड अडकवलंस. हात निदान खाली घेता येतो.

माझाही राग फक्त तुझ्यावर नाही. काल मुख्याध्यापिकांना म्हटलं, नियम दोन महिने बाजूला ठेवा. त्या म्हणाल्या, "एकीसाठी ठेवला तर सगळ्यांसाठी ठेवावा लागेल." मी म्हटलं, ठेवा. त्या चहा मागवायला उठल्या. महिना दहा दिवसांनी संपतो.

आता मी सांगते ते कर. आपण दोघांनीही एक चूक केली, मी वर्गात आणि तू गाडीत: भाडं एकच धरलं. एकच अज्ञात, सगळ्यांना सारखा. कोणी ठरवलं तसं? चव्वेचाळीस घरं आहेत, चव्वेचाळीस भाडी असतील. माझ्या चिठ्ठ्या खऱ्या निघाल्या कारण त्यांच्या घड्या होत्या. भाड्यालाही घडी घाल.

काकांबरोबर एक पेटी पाठवते आहे. शाळेची तक्रारपेटी आहे. लोखंडी, कुलूप आहे, वर फट आहे, आणि गेल्या कित्येक वर्षांत तिच्यात एकही तक्रार आलेली नाही, तेव्हा तिला काही काम मिळू दे. ती दाराशी बसव. चढताना प्रत्येकाने मूठ फटीवर न्यायची, जे असेल ते टाकायचं. बारा असोत, दोन असोत, नसोत. प्रत्येकाने. ज्याला बारा जड नाहीत त्यानेही मूठच न्यायची, उघडा हात नाही. कंडक्टरने त्या वेळी खिडकीबाहेर बघायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण तू परीक्षेत नापास झालास तेव्हा मला ऐकवली होतीस. आता कामाला लाव.

पेटी आठवड्यातून एकदाच उघडायची. तूच उघडायची.

ताई


२१ नोव्हेंबर

ताई,

पेटी आली. इतकी जड आहे की रिकामी असूनही भरल्यासारखी वाटते.

तू वेडी आहेस. दोन्ही कंडक्टर माझ्याकडे बघून हसतात. एकाने विचारलं, "मालक, मी खिडकीबाहेर बघायचा पगार घ्यायचा?" मी म्हटलं, हो, आणि दुसऱ्याला घरी पाठवलं, कारण पेटी एकच, पहिल्या गाडीच्या दाराशी, मागच्या गाडीतलीही तिथे मूठ नेऊन मग मागे बसतील, आणि बाहेर बघायला दोन माणसं लागत नाहीत.

मी हे करतो आहे ते तुला पटवायला नाही. रिकामी गाडीही डिझेल पिते म्हणून करतो आहे. सोमवारपासून. सोळा मुलांचे बारा धरून जेवढे आठवड्याला यायचे, त्याहून एक नाणं जरी कमी भरलं तरी पेटी तुझ्या दारात आणून आपटीन, आणि तू तिच्यात तक्रार टाक.

पिवळी कार्डं जाळली. छापायला पैसे पडले होते.

धाकटा


२८ नोव्हेंबर

ताई,

पेटी उघडली. दार लावून, खिडक्या लावून. तुझ्या वहिनीने विचारलं, चोरी केलीय का.

आधी हिशोब, कारण तू तोच आधी बघशील. सोळा मुलांचे बारा धरून जेवढे होतात, त्याच्या वर भरले आहेत. फार नाही. हप्ता फेडायला पुरे नाहीत, आणि मी तुला आत्ताच सांगतो, वार्षिक परीक्षेपर्यंत मी हे ओढीन. त्यानंतर दुसरी गाडी विकायची वेळ आली तर विकीन, तेव्हा मला पत्रं लिहू नकोस. पण भरले आहेत. मला वाटलं होतं, फुकट बसायला मिळतंय म्हटल्यावर बाराला बसणारी सोळाही दोन टाकतील. तशीही कोणी असतील, मी शोधणार नाही. पण कोणीतरी बाराहून जास्त टाकतंय. कोण, तेही मला कळायला मार्ग नाही, आणि त्याचा मला राग येतो. माझ्याच गाडीत काय चाललंय ते मला माहीत नाही.

एक बटण निघालं. माझ्याच शर्टाचं वाटतं. धोब्याकडचा मुलगा तुझ्या वर्गात आहे का? सांगू नकोस.

आता मुलं. सोमवारी एकोणचाळीस. मंगळवारी आणि बुधवारी त्रेचाळीस. ट्रकवाले तिघं मंगळवारी आले, काका म्हणाले, आधी लांबून बघत होते. गुरुवारपासून चव्वेचाळीस, त्यांतली आठ उभी. तीन रेषा भेटत नाहीत म्हणाली होतीस. भेटल्या की नाही ते तू ठरव, मी फक्त डोकी मोजली.

आणि एक विचारायचं आहे. पेटीत तळाशी खडे निघाले. खडीचे. तीन. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. धुतलेले आहेत, धूळ नाही. मी आधी भडकलो. पेटी हाती घेऊन काकांकडे गेलो, म्हटलं, हे कोण टाकतंय, दगड टाकून बसायचं? काका म्हणाले, "मला काय माहीत, मी रस्त्याकडे बघतो."

मग बसलो आणि बघत राहिलो. नाणं नाही तर मूठ रिकामीही नेता आली असती. कोणाला कळणार होतं? फटीत पडताना आवाज यावा म्हणून आणले असतील. दुसरं काही सुचत नाही.

तू गणिताची आहेस. हे खडे कुठल्या बाजूला मांडू? नाण्यांत धरता येत नाहीत, आणि फेकायला हात होत नाही.

धाकटा


३० नोव्हेंबर

धाकट्या,

खडे फेकू नकोस. डब्यात ठेव. कुठे मांडायचे ते मलाही माहीत नाही, आणि मी वर्गालाही सांगितलं आहे की मला माहीत नाही. तेवढं सांगायला मला फार वर्षं लागली, तुला त्याहून लवकर जमलं.

आज मुख्याध्यापिका हजेरीपट घेऊन बसल्या. पान उलटलं, नाव बघितलं, गुरुवारपासूनच्या खुणा बघितल्या. मला म्हणाल्या, "सलग तीनच दिवस आहेत." मी म्हटलं, "आजचा धरून चार." त्यांनी पान पुढे उलटलं. बाकीचं मी इथे लिहीत नाही, कारण माझा त्यांच्यावरचा राग गेलेला नाही आणि पत्र सापडलं तर नोकरी जाईल.

तुझ्यावरचाही गेलेला नाही. वार्षिक परीक्षेनंतर गाडी विकीन म्हणतोस. तेव्हा बघू. तोपर्यंत मी पुढचा धडा शिकवते आहे आणि उदाहरणात तुझी गाडी घेणार नाही. पेनं आणि वह्या घेईन.

एक काम आहे आणि ते आजच कर. ड्रायव्हरकाका खाणीच्या थांब्यावर येताना लांबूनच हॉर्न वाजवतात, वाजवतच राहतात. त्यांना सांग, एकदाच वाजवा आणि थांबा. ती मूठ घट्ट मिटून धावत येते. पडली तर सावरायला तिला एकच हात मोकळा असतो.

आशीर्वाद.

ताई